नाळेला दुखत नाही, म्हणून तपासणी हवी



आमच्या वस्तीतील एका घरची ही हकीकत आहे. त्या घरातील माणसांना विचारून आणि नावे गाळून ती येथे देत आहे.

सून पंचवीस वर्षांची, पहिलटकरीण. मुलगा टेम्पोवर चालक, सासू चार घरची धुणीभांडी करणारी. घरात पहिले नातवंड येणार म्हणून सासूला कोण आनंद! सातव्या महिन्यात विहारात गर्भमंगलाचा कार्यक्रम झाला. त्रिसरण-पंचशील झाले, खीर वाटली गेली. जमलेल्या बाया कौतुकाने म्हणाल्या, "पोट चांगलं भरलेलं दिसतंय. बाळ गुटगुटीत होणार बघ." त्या बायांत मीही होते. मीही तेच म्हणाले.

नववा महिना लागला. दोन दिवस बाळाची हालचाल कमी वाटू लागली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "शेवटी शेवटी जागा पुरत नाही, म्हणून फिरत नाही." तिसऱ्या दिवशी रुग्णालयात नेले, तेव्हा बाळाचे ठोके लागले नाहीत. मूल मृत जन्मले. वजन भरले ४ किलो २०० ग्रॅम. त्यानंतर सुनेच्या रक्तातील साखर पाहिली तर ती वाढलेली निघाली. तिचे कार्ड आम्ही उघडून पाहिले. तिसऱ्या महिन्यात साखर तपासली होती, ती ठीक होती. त्यापुढे साखरेचा रकाना कोराच होता. डॉक्टर म्हणाले, "साखरेमुळेच गेले असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण साखर वाढलेली असताना असे होण्याचा धोका वाढतो, हे खरे आहे."

कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले सुनेचा पायगुण. सासू मात्र शहाणी. तिने यातले काहीच मनावर घेतले नाही. ती मला एवढेच म्हणाली, "ताई, पोरीच्या पोटात दुखलं नाही, खुपलं नाही, अंगावरून काही गेलं नाही. मग आतल्या आत बाळ गेलं कसं?"

तिच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी हिशेबाचे काम करणारी कारकून. वैद्यक शिकलेली नाही. पण आपल्या धम्मात प्रत्येक गोष्टीला कारण असते असे आपण मानतो. कारण शोधल्याशिवाय दृष्टीवर आणि नशिबावर बोट ठेवणे आपल्याला शोभत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. जे समजले ते या आठवड्याच्या सदरात तुमच्यापुढे ठेवते.

वार म्हणजे काय

बाळंतपण झाले की आपण विचारतो, "वार पडली का?" पडली की सुटकेचा निःश्वास टाकतो आणि तिला विसरतो. पण नऊ महिने बाळाचे फुप्फुस, आतडे आणि मूत्रपिंड या तिन्हींचे काम ही एकटी वार करीत असते. दिवस भरतात तेव्हा तिचे वजन साधारण अर्धा किलो असते. तिच्यातून निघणारी नाळ सुमारे ५० सेंटीमीटर लांब असते. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, दोन धमन्या आणि एक शीर. धमन्या बाळाचे वापरलेले रक्त वारेकडे नेतात, आणि शीर प्राणवायू व अन्नरस घेतलेले ताजे रक्त बाळाकडे आणते.

वारेच्या आत या वाहिन्यांना झाडाच्या मुळांसारखे बारीक बारीक फाटे फुटतात. ते फाटे आईच्या रक्तात बुडालेले असतात. आईचे आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये पातळ पडदा असतो आणि देवाणघेवाण त्या पडद्यातून होते. हे सगळे फाटे उलगडून जमिनीवर अंथरले तर दिवस भरलेल्या वारेचा पृष्ठभाग ११-१२ चौरस मीटर भरतो. म्हणजे आपल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीची जमीन झाकली जाईल एवढा! एवढा मोठा कारखाना पोटात चालू असतो आणि आईला त्याचा आवाजही येत नाही.

साखर ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही

गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात वार काही संप्रेरके तयार करते. त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. यात निसर्गाचा हेतू चांगला आहे. आईच्या रक्तातील साखर थोडी अधिक वेळ टिकावी आणि बाळाला पोषण मिळावे, हा तो हेतू. बहुतेक बायकांचे स्वादुपिंड अशा वेळी जास्त इन्सुलिन तयार करते आणि तोल राखते. ज्यांच्या स्वादुपिंडाला हे जमत नाही, त्यांची साखर वाढते. हाच गरोदरपणातील मधुमेह. तिसऱ्या महिन्यात ठीक असलेली साखर सहाव्या-सातव्या महिन्यात वाढू शकते, ती याच कारणाने. आमच्या वस्तीतल्या त्या सुनेची पहिली तपासणी खोटी नव्हती. ती फार लवकरची होती आणि तिच्यावरच सगळे थांबले होते.

आता मुख्य मुद्दा लक्षात घ्या. आईच्या रक्तातील साखर वारेचा पडदा ओलांडून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन मात्र तो पडदा ओलांडत नाही. त्यामुळे जास्तीची साखर बाळाच्या अंगावर येते आणि तिचा निकाल लावण्यासाठी बाळाच्या चिमुकल्या स्वादुपिंडाला स्वतःचे इन्सुलिन भरमसाट तयार करावे लागते. डेन्मार्कचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी गेल्या शतकाच्या मध्यास हे सूत्र मांडले आणि ते आजही पायाभूत मानले जाते. इन्सुलिन हे वाढीचेही रसायन आहे. त्याने बाळाच्या अंगावर चरबी चढते, खांदे रुंद होतात, वजन वाढते. ज्याला आपण कौतुकाने गुटगुटीत म्हणतो, ते बाळ कधी कधी साखरेने फुगलेले असते.

वाढणाऱ्या अंगाला प्राणवायूही जास्त लागतो. तो आणायचा कोणी? त्याच नाळेच्या वाहिन्यांनी. आणि नेमका त्याच वाहिन्यांच्या कामात साखरेने बिघाड केलेला असतो.

मज्जातंतू नसलेल्या वाहिन्या

आपण घाबरलो की हातपाय गार पडतात. याचे कारण मज्जातंतूंच्या हुकमाने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीरभर बहुतेक रक्तवाहिन्यांवर असा मज्जातंतूंचा ताबा असतो. पण वारेत आणि नाळेत मज्जातंतूच नसतात. म्हणून तर नाळ कापताना ना आईला दुखते, ना बाळाला. बाळंतपणात कळा येतात त्या गर्भाशयाच्या, वारेच्या नव्हेत.

मग कधी सैल व्हायचे आणि कधी आकसायचे, हे वारेच्या वाहिन्यांना कोण सांगते? वाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो, त्याला अंतःस्तर म्हणतात. हा थर रक्ताचा वेग आणि रक्तातील पदार्थ ओळखतो आणि त्याप्रमाणे रसायने सोडतो. काही रसायनांनी वाहिनी आकसते, काहींनी सैल होते. सैल करणाऱ्यांपैकी एक महत्त्वाचा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. हे नाव अवघड वाटेल, पण त्याची ओळख तुमच्या घरात असेल. छातीत दुखू लागले की वडीलधारी माणसे जिभेखाली गोळी ठेवतात ना, ती शरीरात हाच वायू सोडते आणि वाहिन्या सैल करते. रक्तवाहिन्यांतील या वायूच्या कामाचा शोध लावल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुइस इग्नारो आणि फेरिड मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ चा नोबेल पुरस्कार मिळाला.

वारेत तर मज्जातंतू नाहीत. त्यामुळे तिथला कारभार मुख्यतः या अंतःस्तराच्या आणि अशा रसायनांच्या भरवशावर चालतो. साखर सतत वाढलेली राहिली की हाच थर आजारी पडतो.

हे शास्त्रज्ञांना कसे कळले, तेही सांगण्यासारखे आहे. आपण टाकून देतो त्या नाळेतूनच कळले! नाळेच्या शिरेतील अंतःस्तराच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढविण्याची पद्धत अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून जगभर हजारो नाळा संशोधनाला उपयोगी पडल्या आहेत. मधुमेही मातांच्या आणि निरोगी मातांच्या नाळेतील पेशी शेजारी शेजारी ठेवून तुलना करता आली. चिली देशातील लुइस सोब्रेव्हिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, गरोदरपणात मधुमेह झालेल्या मातांच्या नाळेच्या शिरेतील पेशी नायट्रिक ऑक्साइड कमी नव्हे, तर उलट जास्त तयार करतात.

वाचून मीही चक्रावले. जास्त तयार होते, तर मग बिघाड कुठे? उत्तर जमाखर्चाच्या भाषेत सांगते. जमा वाढली, पण वाटेतच गळती सुरू झाली. साखर जास्त असली की पेशींमध्ये ऑक्सिजनचे उपद्रवी कण वाढतात. ते या वायूला गाठून त्याचे दुसऱ्याच घातक पदार्थात रूपांतर करतात. त्यामुळे वाहिनीच्या स्नायूपर्यंत पोहोचणारा खरा, कामाचा वायू हिशेबाला पुरत नाही. शिवाय सैल होण्याचे आणि आकसण्याचे इशारे वाहिन्या नेहमीसारखे पाळत नाहीत. जिथे रक्ताची गरज वाढली तिथे वाहिनी वेळेवर मोकळी होत नाही. प्राणवायूची टंचाई भासली की वार नवीन केशवाहिन्या फोडून ती भरून काढू पाहते. म्हणून मधुमेही मातेची वार पुष्कळदा वजनदार असते आणि तिच्यात वाहिन्यांची गर्दी दिसते. पण गर्दी वाढली म्हणजे काम सुधारले असे नाही, हे कचेरीत काम करणाऱ्यांना सांगायला नको.

थोडक्यात, एकीकडे बाळाची प्राणवायूची मागणी वाढलेली आणि दुसरीकडे पुरवठ्याच्या वाहिन्यांचा ताल बिघडलेला. एरवी बाळ हे ओढून नेते. पण शेवटच्या आठवड्यांत, मागणी सर्वांत जास्त असते तेव्हा, साखर आवाक्याबाहेर असेल तर कधी तरी तोल जातो. आणि नाळेला मज्जातंतू नसल्यामुळे आईला त्याची कळ लागत नाही.

त्या सासूच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. "दुखलं नाही, खुपलं नाही" ही खूण भरवशाची नाहीच. बाळाजवळ सांगण्याचे एकच साधन असते, ते म्हणजे त्याची हालचाल. हालचाल कमी झाली, वेगळी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेवटी जागा पुरत नाही म्हणून बाळ फिरत नाही, ही समजूत साफ चुकीची आहे. निरोगी बाळ प्रसूती होईपर्यंत हालत असते.

आईच्या बाजूच्या वाहिन्या

वारेपर्यंत रक्त आणणाऱ्या आईच्या गर्भाशयातील वाहिन्यांचेही ऐका. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात वारेच्या पेशी या वाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात. त्यामुळे पुढे रक्ताचा प्रवाह भरपूर आणि संथ राहतो. हे काम नीट झाले नाही तर पुढे आईचा रक्तदाब वाढणे, लघवीतून प्रथिने जाणे, बाळाची वाढ खुंटणे असे प्रकार घडतात. गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांत रक्तदाबाचा हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. ज्यांना लग्नाआधीपासून बरीच वर्षे मधुमेह आहे आणि ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच खराब झाल्या आहेत, त्यांचे बाळ मोठे होण्याऐवजी खुरटेही होऊ शकते. म्हणून पोट मोठे दिसते की लहान, यावरून साखरेचा अंदाज बांधू नका.

श्रीमंतांचा रोग?

आपल्या वस्त्यांमध्ये अजून ऐकू येते, "साखर हा शेटजींचा रोग. आम्ही राबणारी माणसं, आम्हाला कुठली साखर?" ही समजूत मनातून काढून टाका. स्वतः बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती पीडा दिली, हे आपण जाणतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्या शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक बायका होत्या. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांचे साडेतीन किलो होते. पण बारकाईने मोजल्यावर दिसले की, आपल्या या लहान बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त आहे. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पिढ्यान् पिढ्यांचे अर्धपोट आणि नंतर एकदम मिळणारे पाव, बिस्किटे, साखर, तेल, असा मेळ आपल्या शरीराला मानवत नाही. म्हणून अंगाने बारीक आणि कष्टाची कामे करणाऱ्या बाईलाही गरोदरपणात मधुमेह होऊ शकतो.

दुसरी गोष्ट, थोडी साखर वाढली तर काय बिघडते, असेही म्हणू नये. नऊ देशांतील सुमारे २३ हजार गरोदर बायकांचा 'हापो' नावाचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आईची साखर जसजशी चढत गेली तसतसा मोठ्या बाळाचा आणि इतर अडचणींचा धोका चढत गेला, असे त्यात दिसले. इथपर्यंत निर्धास्त आणि इथून पुढे धोका, अशी ठळक रेघ सापडली नाही.

तपासणी कोणती आणि केव्हा

आपल्या देशात गरोदर बायकांसाठी सोपी पद्धत आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी तिचा पाठपुरावा केला आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही तीच आहे. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. साखर १४० किंवा त्याहून अधिक निघाली तर गरोदरपणातील मधुमेह आहे असे धरले जाते. पिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. ग्लुकोज पिण्याने बाळाला अपाय होतो ही निव्वळ भीती आहे.

ही तपासणी दोनदा करायची असते. पहिली, नाव नोंदवताना. दुसरी, २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे सहावा संपून सातवा लागण्याच्या सुमारास. पहिली चांगली आली म्हणून दुसरी सोडायची नाही. या लेखातील बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे वाक्य घरच्या भिंतीवर लिहून ठेवा. आठवडे मोजता येत नसतील तर आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून सुरू आहे. तिथे गेल्यावर कार्ड पुढे करून स्पष्ट विचारा, "माझी साखरेची दुसरी तपासणी केव्हा?" यात भीक मागण्यासारखे काही नाही. तो आपला हक्क आहे.

साखर निघाली तर

घाबरू नका आणि उपाशी राहू नका. गरोदरपणात उपास करणे हा साखरेवरचा उपाय नव्हे. त्याने बाळाचेच नुकसान होते. पहिले दोन आठवडे आहार आणि चालणे यांवर भर देतात. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे. एका वेळी भाताचा डोंगर नको. ज्वारी-बाजरीची भाकरी, मूग, मटकी, चवळी, पालेभाजी, अंडे, सुकट, बोंबील, मूठभर शेंगदाणे ही आपल्याच घरातली, परवडणारी खाणी उत्तम. साखरेचा चहा दिवसातून चार वेळा आणि त्यात बुडवून पाव-खारी, हे मात्र थांबवावे. बुद्धपौर्णिमेला खीरदान असेल तर गरोदर सुनेला आग्रह करून वाटीभर खीर पाजू नका. चमचाभर घेऊ द्या. सुजाताने खीर दिली ती उपासाने खंगलेल्या सिद्धार्थाला. साखर वाढलेल्या लेकीची गरज वेगळी आहे, एवढा विवेक आपल्याजवळ हवा. डॉक्टरांची मनाई नसेल तर जेवणानंतर रोज चालावे.

दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त पाहतात. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत आली तर ठीक. नाही आली तर औषध सुरू करतात, बहुधा इन्सुलिन. इथे घरोघरी गोंधळ उडतो. "सुई लागली की जन्माची लागली," "बाळावर परिणाम होईल," असे सांगून चांगले चाललेले उपचार बंद पाडले जातात. मघाचे सूत्र आठवा. साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही. आईला टोचलेले इन्सुलिन आईची साखर उतरवते, बाळाच्या अंगात जात नाही. ज्या गोष्टीमुळे हा आजार बाळाला जाच करतो, तीच गोष्ट या औषधाला बाळासाठी सुरक्षित करते. आणि गरोदरपणातच सुरू झालेल्या मधुमेहात बहुतेकींचे इन्सुलिन बाळंतपणानंतर बंद होते.

उपचारांचा उपयोग होतो का? होतो. ऑस्ट्रेलियात हजार बायकांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्याच देखभालीवर राहिलेल्या मातांत बाळाच्या गंभीर अडचणींचे प्रमाण शंभरात ४ होते. आहार, तपासणी आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन मिळालेल्या मातांत ते शंभरात १ वर आले.

बाळंतपणानंतर

नाळ कापली की बाळाकडे येणारा साखरेचा ओघ एकदम थांबतो. पण त्याच्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करण्याची सवय लागलेली असते. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजावे आणि बाळाची साखर तपासली जात आहे ना, हे पाहावे. मध चाटवणे, गुटी देणे यांत वेळ घालवू नये.

आईचे प्रकरणही इथे संपत नाही. सहा आठवड्यांनी तिची साखर पुन्हा तपासावी लागते आणि पुढे दरवर्षी. ज्यांना गरोदरपणात मधुमेह होतो, त्यांना नंतरच्या आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सात पटींहून अधिक असतो, असे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. म्हणजे गरोदरपणाने दिलेली ही आगाऊ सूचना आहे. ती ऐकून आहार, चालणे, वजन यांकडे लक्ष दिले तर तो दिवस लांबवता येतो, टाळताही येतो. पण आपल्याकडे होते काय? बारसे झाले की सगळ्यांचे लक्ष बाळावर, आणि आईचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी.

बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितले होते

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतील बायकांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक चर्चेला आले. बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळाला पाहिजे, त्यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार एकट्या कामगार बाईवर टाकणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. ज्या माणसाने आणि ज्या माता रमाईने आपल्या पाच लेकरांपैकी चार लेकरे गमावली होती, त्यांच्या घरातून हा विचार आला होता, हे विसरू नका. आईची काळजी ही त्या बाईची खासगी बाब नसून समाजाची जबाबदारी आहे, हा त्याचा अर्थ.

म्हणून विहारातील महिला मंडळांना माझी एक सूचना आहे. गर्भमंगलाचा कार्यक्रम सातव्या महिन्यात करता ना? त्या दिवशी ओटीत फळे-कापड घालण्यापूर्वी कार्ड पाहा. साखरेचा दुसरा आकडा लिहिलेला नसेल तर दुसऱ्या दिवशी दोघीजणी तिच्याबरोबर दवाखान्यात जा. तिचा रोज बुडणार असेल तर मंडळाच्या पेटीतून द्या. याला काही मोठा निधी लागत नाही.

आता त्या घराविषयी. दीड वर्षाने ती सून पुन्हा गरोदर राहिली. या वेळी पहिल्या तपासणीत साखर ११८ होती. २६ व्या आठवड्यात ती १६२ निघाली. आहार, चालणे झाले. पुरले नाही, म्हणून इन्सुलिन सुरू झाले. सासूबाई कामावरून आल्या की संध्याकाळी तिला विहाराच्या मैदानात चालायला नेत. सुई कशी टोचायची हे नवरा शिकला. नवव्या महिन्यात एके दिवशी हालचाल कमी वाटली, तेव्हा कोणी "जागा पुरत नाही" म्हटले नाही. तासाभरात ती रुग्णालयात होती. ठोके चांगले होते, पण डॉक्टरांनी ठेवून घेतले. ३८ व्या आठवड्यात मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅमची. ज्यांना गुटगुटीत बाळ हवे होते त्यांना ती जरा बारीकच वाटली.

सासूबाई लिहिता-वाचता न येणाऱ्या आहेत. पण आता वस्तीत कोणाची सून-लेक गरोदर असली की त्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, "कार्ड आण बघू. साखरेचा दुसरा आकडा कुठं लिहिलाय, बोट ठेवून दाखव."

आपणही एवढे केले तरी पुरे आहे.

जयभीम!